नवीन पीसी जोडला, पण तीन तऱ्हेचे आवाज येऊन रायले

कापूसकोंड्या | सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. गाव घाटंजी तालुक्यात, टिपेश्वर जंगलाच्या अंगाला. यंदा कापसाचा पहिला वेचा विकला अन् त्यातून पीसी जोडला. पार्ट नागपूरला सीताबर्डीत घेतले, एसटीत कॅबिनेट मांडीवर ठेवून आणलं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. जोडणी मीच केली, व्हिडिओ पाहून. पहिल्याच बटनाला चालू झाला, घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

मी शेतीचे छोटे व्हिडिओ बनवतो, आवाज घरीच रेकॉर्ड करतो. इथंच घोडं अडलंय. तीन आवाज आहेत.

गेम किंवा रेंडर (व्हिडिओची शेवटची फाइल काढणं) सुरू केलं की कॅबिनेटच्या आतून बारीक चीं येते, रातकिड्यासारखी. स्पीकरमधून सतत हूं चालू असतो, डीपीखाली, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरखाली, उभं राहिल्यावर येतो तसा. कॅबिनेटला हात लावला की हूं कमी होतो, पण हाताला मुंग्या येतात. तिसरं म्हणजे हेडफोन लावून माउस हलवला की खर्र खर्र.

दुकानदार म्हणतो, घेऊन या, पाहू. नागपूर काय शेजारच्या वाड्यात आहे? काय बिघडलं असेल ते आधी कळलं तर बरं.

डीपी उडाली | सोमवार, रात्री ९.३०

एसएमपीएस बदल भाऊ. सगळ्या रोगाची जड तेच असते.

वर्धेचा पुणेकर | सोमवार, रात्री १०.०५

थांबा, इतक्यात काही बदलू नका. आवाज तीन आहेत म्हणजे कारणंही तीन असू शकतात. सगळे एकाच पोत्यात भरले तर पैसे जातील अन् आवाज राहतील.

आधी कॅबिनेटमधली चीं. ग्राफिक्स कार्डावर आणि एसएमपीएसमध्ये तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असतात, कॉइल. त्यांतला करंट सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त होतो आणि त्याच्या चुंबकीय ओढीनं गुंडाळी थरथरते. ती थरथर आपल्या कानाच्या पट्टीत आली की चीं ऐकू येते. याला कॉइल व्हाइन म्हणतात. कार्ड खराब आहे असा त्याचा अर्थ नाही, आयुष्यही कमी होत नाही. डोकं मात्र उठतं.

पारख अशी: गेमच्या मेनूमध्ये नुसते थांबा. तिथं चितारायला काहीच नसतं, म्हणून कार्ड सेकंदाला तीनशे-चारशे फ्रेम काढत सुटतं आणि चीं वाढते. आता सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० करा. आवाज एकदम पडला तर तो कॉइलचाच.

रिटायर वायरमन | सोमवार, रात्री १०.४०

चीं-फीं नंतर पाय पोरा. हाताले मुंग्या येतात म्हनलं ना तू? मंग आधी ते सांग, तुया बोर्डातल्या तिसऱ्या पिनेले वायर हाये का? बहुतेक गावात थ्री पिन सॉकेट असते, अन् वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं असते. मेन स्विच पाडून बोर्ड खोल अन् पाय. घरी मल्टिमीटर असन तं फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही आकडे दे. चप्पल घालून मोजजो.

कापूसकोंड्या | मंगळवार, सकाळी ८.२०

काकाजी, आकडे असे आले:

फेज-न्यूट्रल २१८
फेज-अर्थ ६४
न्यूट्रल-अर्थ ४१

शिवाय अंगणात ओल्या जागी सळाख ठोकली आणि कॅबिनेट ते सळाख मोजलं, तर १०२ व्होल्ट! पीसी तेव्हा चालू होता. आईनं १०२ ऐकलं आणि आता मला खोलीत जाऊ देत नाही.

बोर्ड खोलला. तिसऱ्या पिनेला वायर आहे, हिरवी. ती भिंतीतून बाहेर जाते आणि मोरीजवळ संपते. टोकाला काहीच नाही.

सावजी रस्सा | मंगळवार, सकाळी ९.०२

मोरीजवळ संपते म्हणजे पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली असणार. आमच्या घरीही तसंच होतं. मग लोखंडी पाइप गेला, पीव्हीसी आला, आणि अर्थिंगही पाइपासोबत भंगारवाल्याकडे गेलं. दहा वर्षं कोणाला पत्ता नव्हता. गीझरनं झटका दिला तेव्हा कळलं.

रिटायर वायरमन | मंगळवार, सकाळी ९.४५

सावजीभाऊनं बरोबर वळखलं. आता हे १०२ कुठून आले ते समजून घे, म्हणजे आईलेही सांगता येईन.

एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असते. त्यात दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटले, एक न्यूट्रलपासून कॅबिनेटले. आतला विजेचा कचरा त्यांनी अर्थमंदी काढून टाकायचा असते. पन अर्थच नसला तं कॅबिनेट दोघांच्या मधात लोंबकळते, अन् लाइनच्या निम्मा व्होल्टेज दाखवते. २१८ चे निम्मे १०९. तुले १०२ दिसले, कारन मीटरही थोडं ओढते. त्यामंदी करंट एक मिलिअँपिअरच्याही आत असते, म्हनून नुसत्या मुंग्या येतात, मानूस चिटकत नाही. एसएमपीएस खराब नाही. कोनताही नवाकोरा आनला तरी हेच करन.

पन उद्या आतमंदी खरंच फेजची वायर बॉडीले लागली, तं त्या करंटले जायले रस्ता नाही. तो तुया हातातून जाईन. अर्थिंग कराच लागन.

वर्धेचा पुणेकर | मंगळवार, सकाळी १०.१५

आणि हूं पण तिथलाच. जो कचरा अर्थमध्ये जायला हवा, तो रस्ता नसल्यानं ऑडिओच्या केबलमधून स्पीकरकडे पळतो. खात्री करायची तर दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख, काढून पाहा. ५०, १००, १५० हर्ट्झवर खांब उभे दिसले तर तो आवाज लाइनचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची पोरं १०० आणि १५०.

डीपी उडाली | मंगळवार, दुपारी १.१०

एवढ्यासाठी खड्डा कायले खोदता? सॉकेटमंदीच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनेले जोड. न्यूट्रल शेवटी डीपीवर अर्थच असते ना. मुंग्या बंद. आमच्या इकडे सगळे हेच करतात, दोन मिनिटाचं काम.

रिटायर वायरमन | मंगळवार, दुपारी १.२५

हे वाचून कोनी करू नका. हात जोडतो.

डीपीवर न्यूट्रल अर्थ असते, खरं हाये. पन डीपीपासून तुया घरापर्यंत तार किती जागी सांधली हाये? वादळात, माकडाच्या उड्यात, कुठंबी न्यूट्रल तुटला, तं घरातल्या पंख्यातून, बल्बातून फेज त्याच तारेवर वापस येते. अन् तू थे तार कॅबिनेटले बांधून ठेवली. मंग फ्रिज, कूलर, कॉम्प्युटर, सगळ्यायच्या बॉडीत पुरे २३० उभे. मुंग्याचा प्रश्न मंग राहतच नाही. दुसरं, लाइनमननं खांबावर फेज-न्यूट्रल अदलाबदल जोडले तरी तेच. मी नोकरीत असे दोन पंचनामे पायले. तिसरा पाहाचा नाही.

अर्थची पिन तोडून टू पिनात घुसवनारे तेही यातच आले.

डीपी उडाली | मंगळवार, दुपारी १.४०

बरं काकाजी. मी आमच्या घरचा तुकडा आजच काढतो. खरंच.

कापूसकोंड्या | मंगळवार, रात्री ८.५०

एक आवाज निकाली निघाला. मेनूमध्ये ३८० फ्रेम दाखवत होतं आणि चीं जोरात होती. मर्यादा ६० केली तर कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही. रेंडरच्या वेळी थोडी येते, पण तेव्हा मी रेकॉर्डिंग करत नाही. चालवून घेईन.

स्पेक्ट्रमही काढला. ५० आणि १०० वर असे खांब की वावरात बुजगावणी उभी आहेत.

वर्धेचा पुणेकर | मंगळवार, रात्री ९.३०

छान. माउसची खर्र पण लगेच काढून टाका. हेडफोन पुढच्या जॅकला लावत असाल. त्या जॅकची बारीक केबल पूर्ण कॅबिनेट ओलांडून, बहुधा ग्राफिक्स कार्डाला घासून जाते, म्हणून आतली खळखळ उचलते. मागच्या जॅकला लावून पाहा. तरीही राहिली तर चार-पाचशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. माइकसाठी तर घ्याच.

कापूसकोंड्या | मंगळवार, रात्री ९.४१

मागे लावला, खर्र गायब. इतकं सोपं होतं तर रात्री कशाला जागलो मी.

सावजी रस्सा | मंगळवार, रात्री १०.००

हूं साठी खड्डा. काकाजी, नीट माप सांगून टाका, बाकीच्यांनाही कामाचं आहे.

रिटायर वायरमन | बुधवार, सकाळी ७.३०

घरापासून दीड मीटर दूर जागा पाय, जिथं ओल राहते. जीआय, म्हंजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप घ्या, ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब, खालून भोकं पाडलेला. पाइप उभा करून भोवताली कोळसा अन् मीठ, एकावर एक थर. वरून एक नरसाळं ठेवा, पानी टाकाले. पाइपाले नटबोल्टनं जाड वायर कसून घरात आना. नुसती गुंडाळू नका, गंज चढला की सुटते.

आपली काळी जमीन दगाबाज हाये हे ध्यानात ठेवा. पावसाळ्यात अर्थिंग फस्सकिलास दाखवते, अन् एप्रिल-मे मंदी भेगा पडल्या की जमीन पाइपाले सोडून देते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पानी ओतत जा. तुळशीले घालता तसं.

झाल्यावर मीटरवर भरोसा ठेवू नको. मीटर हलकं असते, कच्च्या अर्थलेही २२० दाखवून मोकळं होते. फेज अन् अर्थच्या मधात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लाव. पुरा पेटला तं अर्थिंग खरं. मिणमिण केला तं अजून मीठ-पानी. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हंजे करंट अर्थमंदी गळला की लाइन पाडनारा स्विच, असन तं बल्ब लावल्याबरोबर तो पडन, घाबरू नको, त्याचं कामच ते हाये. नसन तं बसवून घेजो. हे बल्बाचं काम एकट्यानं करू नको, गावातल्या वायरमनले बोलाव.

कापूसकोंड्या | रविवार, संध्याकाळी ६.१५

झालं मंडळी! खड्डा खोदायला दोन दिवस गेले. मोठ्या बाबांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावानं, जातीनं उभं राहून कोळसा भरून घेतला. वाडीच्या कोपऱ्यात विहिरीच्या पाण्याची नाली जाते, तिथं ओल कायम असते, तीच जागा धरली. बल्ब पुरा पेटला. न्यूट्रल-अर्थ १.८ व्होल्ट. कॅबिनेटला हात लावला, मुंग्या नाहीत. स्पीकर पूर्ण आवाजावर ठेवला तरी हूं नाही. आईनं स्वतः हात लावून पाहिला.

काकाजी, घाटंजीकडे आलात तर जेवायला याच.

कापूसकोंड्या | सोमवार, रात्री ११.२०

राजेहो, लवकर आनंद केला. आता चौथा आवाज आला.

टिक... टिक... टिक. घड्याळासारखा, स्पीकरमधून आणि माइकच्या रेकॉर्डिंगमध्येही. काल संध्याकाळी सगळं शांत होतं. आज सात-साडेसातला सुरू झाला. अर्थिंग केल्याआधी हा नव्हता, मी शपथेवर सांगतो.

डीपी उडाली | सोमवार, रात्री ११.३०

हार्ड डिस्क चालली तुयी.

कापूसकोंड्या | सोमवार, रात्री ११.३४

हार्ड डिस्क नाहीच, एसएसडी आहे.

मोहफूल | सोमवार, रात्री ११.५०

मोबाइल स्पीकरजवळ ठेवलाय का? फोन येण्याआधी असा आवाज यायचा पूर्वी.

सावजी रस्सा | मंगळवार, सकाळी ७.४०

रात्रीची थ्री फेज असते ना शेतीला? आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री सगळ्यांचे मोटारपंप एकदम सुरू होतात. स्टार्टरमधलं रिले कटकट करत असेल. किंवा शेजारी सोलर पंप? त्याच्या ड्राइव्हचा रेडिओवर फार कचरा येतो.

वर्धेचा पुणेकर | मंगळवार, सकाळी ९.१०

सोलर पंप रात्री चालत नाही, सावजीभाऊ. मोटारपंपाची कटकट इतकी ठरावीक अंतरानं येणार नाही. तरी तपासायला सोपं आहे: ज्या रात्री थ्री फेज नसेल, त्या रात्री टिक येते का पाहा.

रेकॉर्ड करून दोन टिकांमधलं अंतर मोजा. अंतर अगदी सारखं असेल तर एखाद्या यंत्राचं घड्याळ त्यामागं आहे.

कापूसकोंड्या | बुधवार, सकाळी ६.५०

मोजलं. एका मिनिटात ४८ टिका, म्हणजे सव्वा सेकंदाला एक. रेकॉर्डिंगमध्ये सुईसारखी टोकं, सगळी सारख्या अंतरावर. काल रात्री थ्री फेज नव्हती, तरी टिक होती. फ्रिज बंद केला, राउटर काढला, टीव्हीच्या छत्रीची वायर काढली. काही फरक नाही. पीसीची पिन अर्थ नसलेल्या जुन्या बोर्डात लावली तर टिक गेली, पण हूं परत आला!

अजून एक गंमत. पहाटे पाचला उठून पाहिलं तर टिक रात्रीपेक्षा मोठी होती. सकाळी साडेसहाला आपोआप बंद.

तुरीच्या शेंगा | बुधवार, सकाळी ७.१५

मी हा धागा नुसता वाचत होते, कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. पण रात्री सुरू, सकाळी बंद, दव पडलं की जास्त, सव्वा सेकंदाला एक. दादा, तुमच्या वाडीला झटका मशीन, कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी, आहे का?

आमच्या हरभऱ्याला लावलंय, रानडुकरांसाठी. ते असंच टिक-टिक करतं. दव पडून गवत तारेला चिकटलं की करंट गवतातून उतरतो.

रिटायर वायरमन | बुधवार, सकाळी ७.२२

शाबास बाई!

पोरा, झटक्याची अर्थची सळाख कुठं ठोकली ते पाय आधी.

कापूसकोंड्या | बुधवार, सकाळी ८.०५

बाप्पा.

मोठ्या बाबांना विचारलं. म्हणाले, "एवढं कोळसा-मिठाचं अर्थिंग केलं, त्याचा फायदा काऊन नाही घ्यायचा? सोमवारी संध्याकाळी मशीनची हिरवी वायर तुयाच पाइपाले बांधली. आता डुकरं असे पळतात का इचारू नको."

जुनी सळाख कोरड्या धुऱ्यावर होती, झटका कमी बसत होता म्हणे. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी सुधारणा केली आहे.

वर्धेचा पुणेकर | बुधवार, सकाळी ८.४०

अख्ख्या धाग्यात असा निकाल मला अपेक्षित नव्हता.

म्हणजे घडतं असं. मशीन सेकंदाहून थोड्या जास्त अंतरानं काही हजार व्होल्टचा एक अतिशय छोटा ठोका तारेत सोडते. तो जनावराच्या अंगातून किंवा ओल्या गवतातून जमिनीत उतरतो आणि जमिनीतून मशीनच्या अर्थकडे परत येतो. ती वाट आता तुमच्या घराच्या पाइपातून जाते. दर ठोक्याला पाइप क्षणभर उचलला जातो, त्यासोबत घरातली प्रत्येक अर्थची पिन, आणि तुमचा स्पीकर ते ऐकवतो. जुन्या बोर्डात टिक नव्हती कारण तिथं अर्थच नव्हता.

रिटायर वायरमन | बुधवार, सकाळी ९.००

अन् हे नुसतं आवाजाचं नाही. घराचं अर्थिंग अन् झटक्याचं अर्थिंग यात कमीत कमी दहा मीटर, म्हंजे ३३ फूट अंतर पाहिजेच. नियमच हाये तो. तार कुठं तुटून ओल्या जमिनीवर पडली, तं ठोका घरातल्या फ्रिजपासून कॉम्प्युटरपर्यंत कुठंबी निघन. आजच सोडव ती वायर, मशीन बंद करून.

मोठ्या बाबाले सांग, अर्थ चांगला पाहिजे तं धुऱ्यावरच दोन-तीन सळाखा ठोका, एकीले एक जोडा, अन् पानी टाका. तारेखालचं गवत कापा. झटका आपोआप वाढन.

बाकी कोनी वाचत असन तं, कंपनीची झटका मशीनच लावा. तारेत थेट लाइन सोडनं गुन्हा हाये. डुकरासाठी सोडलेल्या लाइननं आपल्या इकडे मानसं गेली, वाघबी गेले.

तुरीच्या शेंगा | बुधवार, सकाळी ९.२०

खिशातला जुना रेडिओ असेल तर एएमवर, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि कुंपणाच्या कडेकडेनं चाला. जिथं टिक जोरात येते तिथं गवत लागलंय किंवा इन्सुलेटर फुटलाय. आमचे बाबा असंच शोधतात.

कापूसकोंड्या | शनिवार, रात्री ९.३५

आजचा अहवाल. वायर सोडवली. धुऱ्यावर तीन सळाखा ठोकल्या, घराच्या पाइपापासून पावलं मोजून साठ फूट लांब. रेडिओ घेऊन तुरीताईंनी सांगितलं तसं फिरलो, नालीजवळ दोन इन्सुलेटर फुटलेले सापडले, तिथं अंधारात निळी ठिणगी दिसत होती. बदलले.

आता स्पीकर शांत. माइक शांत. हरभऱ्याच्या घाटेअळीवरचा व्हिडिओ आजच रेकॉर्ड केला, मागं काही म्हणता काही नाही. मधेच एक कुत्रं भुंकलं, ते ठेवलं.

धाग्याचं नाव बदलून चार तऱ्हेचे करायचं राहिलंच.

सावजी रस्सा | शनिवार, रात्री ९.५०

राहू दे. मोठे बाबा काय म्हणतात?

कापूसकोंड्या | शनिवार, रात्री १०.०२

नाराज आहेत. गेले चार दिवस ते जेवण झालं की माझ्या खोलीत येऊन दोन मिनिटं टिक-टिक ऐकून जायचे. मला वाटायचं कॉम्प्युटरचं कौतुक आहे. आज आले, बसले, कान लावला आणि म्हणाले, "आवाज बंद केला तुवानं. आता मशीन चालू हाये का नाही, हे पाहाले मले थंडीत वावरात जा लागन ना."

रेडिओ त्यांच्या उशाशी ठेवलाय.